हाव

माझ्या खिडकीला एक अनोळखी बाई पडद्याचं माप घेत होती. सकाळचे वर्ग आटोपून, पांझरा नदीचा छोटा पूल ओलांडून, पाचकंदिलाच्या बाजारात मेथीची जुडी घेऊन मी जिना चढून वर आले, तर दार सताड उघडं आणि ही माझ्या स्टुलावर उभी. हातात शिंप्याची फीत, दातांत पेन्सिल. कुलूप मी लावत नाही. खाली मुख्तारभाईंचं गाद्यांचं दुकान असताना वर कुलपाची गरज कधी पडली नव्हती. मला पाहून ती दचकली नाही, खालीही उतरली नाही. जरा बाजूला सरकून म्हणाली, "मावशी, ही खिडकी पश्चिमेची ना? मग दुपारून ऊन येत असेल." मी म्हणाले, "येतं." कोणी सरळ प्रश्न विचारला की सरळ उत्तर द्यायचं, ही जन्मभर मास्तरकी केल्याची खोड. तिने चौकटीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने बारीक खुणा केल्या, फीत गुंडाळली आणि खाली उतरून माझ्याकडे मायेने पाहत म्हणाली, "तुमचं नशीब मोठं, मावशी. पोरगा स्वतःहून न्यायला येतोय. नाहीतर आजकाल कोण विचारतं म्हाताऱ्या माणसाला." आणि मी, हातातली मेथी सावरत, म्हटलं, "हाव."

मुख्तारभाई तोवर धापा टाकत वर आले. माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण ते दारातच थांबले. माझ्या पितांबरचा काल पुन्हा फोन आला होता म्हणे. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार, खोली रिकामी होणार, तुम्ही दुसरं कोणी बघून ठेवा. म्हणून त्यांनी या लोकांना दाखवली. "पण मला कोणी काही बोललं नाही," मी म्हणाले. मुख्तारभाईंनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "असं कसं, बाई? त्या दिवशी दुकानात तुम्हीच तर फोनवर हाव म्हणाल्या. एकदा नाही, दहादा म्हणाल्या. मैं वहीं गल्ले पे बैठा था." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. साक्षीदाराचा आवाज होता, आणि साक्षीदार खरं बोलत होता.

ती बाई गेली, मुख्तारभाई गेले, आणि मी स्टुलावर बसून मेथी निवडायला घेतली. माझं नाव शेवंताबाई. नगरपालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवलं, वयाची अट पूर्ण झाली तेव्हा नारळ घेऊन घरी आले, आणि त्यानंतर जे करायला नको होतं ते केलं: वकिलीच्या कॉलेजात नाव घातलं. आता शेवटचं वर्ष चालू होतं. परीक्षा उन्हाळ्यात. माझा मुलगा पितांबर भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, तिथल्या वसाहतीत क्वार्टर, बायको लता, एक मुलगी. भुसावळ काही परदेश नाही. पण दीपनगरला गेलं की सकाळी पुलापलीकडच्या देवपुरातल्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसणं संपलं, एवढं सरळ होतं. मेथीच्या काड्या एकीकडे आणि पानं एकीकडे करताना माझ्या लक्षात आलं की मला राग आलेला नाही. काहीतरी वाटत होतं, पण तो राग नव्हता. जत्रेत आपण कोणाचा तरी हात धरून चालत असतो आणि मग कळतं की हा आपला माणूसच नव्हे, तेव्हा जसं वाटतं तसं. हात तर आपणच धरलेला असतो.

तो फोन मला आठवत होता आणि नव्हताही. मुख्तारभाईंनी हातपिंजण सोडून कापूस पिंजायचं यंत्र आणलं त्याला फार दिवस झाले नाहीत. धनुष्यासारख्या जुन्या पिंजणाचा आवाज गाण्याला साथ देतोय असा असायचा. हे यंत्र मात्र कोणाचं ऐकून घेत नाही. मुख्तारभाईंचा पोरगा हाक मारायला आला, "बाई, दीपनगर से फोन," आणि मी पदराला हात पुसत खाली गेले. एका कानात यंत्र, दुसऱ्यात पितांबर. त्यातही त्याची वसाहतीतली लाइन खरखरणारी. "माय," तो म्हणाला, आणि त्या एका शब्दावर मी बाकी सगळं सोडून दिलं. महिनाभराने ऐकला होता तो आवाज. सर्दी झाल्यासारखा वाटत होता. मध्येच त्याच्या बापाच्या आवाजासारखा वळत होता. "पानी चोवीस तास शे," असं काहीतरी आलं. मग खरखर. मग "लता बी म्हनस." मग खरखर. "तुना गुडघा." खरखर. "रविवारले." प्रत्येक तुकड्यापाशी तो श्वास घ्यायला थांबला की मी म्हणायची, "हाव." मी त्याच्या वाक्यांना हाव म्हणत नव्हते. आवाजाला म्हणत होते.

आमच्या खानदेशात एकजण बोलू लागला की दुसऱ्याने हुंकारा द्यायचा असतो. तो नाही दिला तर बोलणारा थांबतो, आणि तोंड फिरवून म्हणतो, काय भिंतीशी बोलू? बैलगाडीत, ओट्यावर, अंधारात, सगळीकडे बोलण्याला हुंकाऱ्याचा टेकू लागतो. हाव म्हणजे ऐकतेय. हाव म्हणजे पुढे बोल. आणि दुर्दैवाने हाव म्हणजे होही. शाळेत मी हा शब्द जन्मभर खोडत आले. पोरांच्या वहीत शे दिसलं की आहे लिहायचं, बठ्ठा दिसलं की सगळा, आणि वर्गात कोणी हाव म्हटलं की माझं ठरलेलं वाक्य होतं, "हाव म्हणजे लोभ. हाव बरी नव्हे, हो म्हणा." पोरं हसायची. आणि मग घरी येऊन मी पितांबरशी अहिराणीत बोलायची, कारण आपल्या पोराशी शाळेच्या भाषेत बोललं की ते पोर आपलं वाटत नाही.

पितांबर लहान असताना गोष्टीशिवाय झोपत नसे. त्याचे वडील एस.टी.वर ड्रायव्हर, मुक्कामाच्या गाड्यांवर असायचे, त्यामुळे रात्रीच्या गोष्टी माझ्याच वाट्याला. "एक व्हता राजा." "हाव." "त्याले व्हत्यात सात रान्या." "हाव." त्याचा हुंकारा पहिल्यांदा ठणठणीत असायचा, मग लांबायचा, मग घसरायचा. पण लबाड असा की झोप लागली तरी तोंड सवयीने हाव म्हणत राहायचं, आणि मी आपली उगाच राजा-राण्यांना रानोमाळ हिंडवत राहायची. शेवटी मी एक युक्ती काढली. मध्येच सांगायचं, "मंग राजानी हत्ती उचला आनि खिसामा टाकी दिन्हा." जागा असला तर ताडकन उठून बसायचा, "माय, हत्ती खिसामा कसा मावी?" आणि हाव म्हणाला की समजायचं, झोपला. मग मी हळूच पांघरूण ओढायची. किती गोष्टी त्या हत्तीपाशी संपल्या असतील. त्या राजांचं पुढे काय झालं हे मलाही माहीत नाही.

मेथी निवडून झाली, भाकरी टाकली, जेवले, आणि संविधानाचं पुस्तक घेऊन खिडकीत बसले. त्या बाईच्या पेन्सिलच्या खुणा डोळ्यांसमोरच होत्या. या खोलीत मी राहायला आले ती पितांबरच्या लग्नानंतर. रेल्वे फाटकाकडे आमचं घर होतं ते ह्यांच्या मागे सोडलं, कारण तिथे प्रत्येक भिंतीला ह्यांचा खोकला ऐकू यायचा. इथे काहीच ऐकू येत नव्हतं, आणि पहिले काही दिवस त्याचीच भीती वाटायची. मग खालचं पिंजण ओळखीचं झालं. मुख्तारभाईंची मुलगी रईसा वर येऊन बसायला लागली. तीच बी.ए. झाल्यावर वकिलीला नाव घालायला निघाली, आणि सोबत म्हणून मला घेऊन गेली. कॉलेजच्या खिडकीशी बसलेल्या कारकुनाने तिचा अर्ज घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि चेष्टेने म्हणाला, "आजी, तुमचाही एक देऊ का?" मी म्हणाले, "द्या." त्याला वाटलं मी चेष्टा पुढे चालवतेय. रईसालाही तेच वाटलं. मलाही बहुधा तेच वाटलं होतं, अर्ज भरून होईपर्यंत.

कलम एकोणीस. भारताच्या राज्यक्षेत्राच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क. मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि एकटीच हसले. कोणत्याही भागात म्हणजे आमच्या गल्ली नंबर सहामध्येही, गादीच्या दुकानावरही. पण आमचे सर परवाच सांगत होते की हे हक्क राज्याविरुद्ध चालतात. मुलाविरुद्ध चालत नाहीत. घटनाकारांनी फार विचार केला, पण आईला प्रेमाने न्यायला येणाऱ्या टेम्पोचा विचार त्यांनी केला नाही. आणि त्यांनी तरी का करावा? त्यांनाही आया होत्या. मला एकदम वाटलं, मी कोणाविरुद्ध कलमं शोधतेय? ज्याचा नुसता आवाज ऐकून मी बाकी सगळं सोडून देते त्याच्याविरुद्ध? मी पुस्तक मिटलं. मग वाटलं, खरंच जावं की काय. तिथे नळाला पाणी आहे, नात आहे, लता वाईट नाही, मला आत्या म्हणते आणि माझ्या हातची वरणबट्टी आवडीने खाते. इथे दोन-तीन दिवसांआड पाणी येतं आणि जिना चढताना गुडघा बोलतो. म्हणजे कोणी मला विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते की नाही? हे मला सांगता येईना. आणि सांगता येईना म्हणूनच अस्वस्थ वाटत होतं. माझं उत्तर मला सापडायच्या आधीच ते दिलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी चर्चेचा तास असायचा आणि तो शालिग्राम सर घ्यायचे. हे शालिग्राम सर माझ्या तिसरीच्या वर्गात होते. तेव्हा ते इतके बोलायचे की मी त्यांना खिडकीपाशी उभं करायची. आता ते बोलतात आणि मी बसते, म्हणजे फिटंफाट झाली. वर्गात ते मला नावाने हाक मारू शकत नाहीत, अहो-जाहो पुरत नाही, म्हणून बाई म्हणतात, आणि प्रश्न विचारला की घाईने पुढे जोडतात, "बाई, तुम्ही बसूनच सांगा." त्या दिवशीचा विषय तसा नव्या शोधांचा होता. वर्तमानपत्रांत तेव्हा जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाचा धुरळा उडाला होता. औषधांची, बियाण्यांची पेटंटं परदेशी कंपन्या घेणार, मग आपल्या शेतकऱ्याने काय पेरायचं, असा. नेरहून दूध घालून येणारा सुपडू त्यावर तावातावाने बोलला. सरांनी त्याला बोलू दिलं आणि मग फळ्यावर लिहिलं: नवं काय? पेटंट मागणाऱ्याला हे सिद्ध करावं लागतं, ते म्हणाले, की त्याची वस्तू नवी आहे, आणि त्या कलेतल्या जाणकाराला ती सहज सुचली नसती. मी वहीत उतरवून घेतलं आणि माझ्याच विचारांनी मला हसू आलं. आईपणाच्या कलेतल्या कोणत्याही जाणकार बाईला विचारा, साठीच्या विधवेने काय करावं? ती झोपेतसुद्धा सांगेल, पोराकडे जावं. दुसऱ्या बाकावर बसून वकिली शिकावी हे कोणाला सहज सुचलं नसतं. म्हणजे मला पेटंट मिळायला हरकत नव्हती.

सर म्हणाले, नवं यंत्र येतं तेव्हा गंमत अशी होते की माणसं जुनी राहतात आणि कायदाही जुना राहतो. उदाहरण द्या कोणीतरी. आणि माझा हात वर गेला. उभं राहायचं नव्हतं तरी उभी राहिले. मी म्हणाले, "समजा, एका अधिकाऱ्याने एका नागरिकाला टेलिफोन केला. नागरिकाचं राहतं ठिकाण बदलायचं, असा निर्णय घ्यायचा आहे. अधिकारी भला आहे, नागरिकाच्या हिताचंच बोलतोय. पण लाइन खराब. नागरिक आपला हाव, हाव म्हणतोय. अधिकाऱ्याने त्याचा अर्थ लावला, मान्य. हुकूम काढला. तर नैसर्गिक न्यायाचं काय झालं? सुनावणी झाली म्हणायची की नाही?"

वर्ग एकदम जागा झाला. असल्या प्रश्नावर आमची पोरं तुटून पडतात, कारण त्याला पाठांतर लागत नाही. सुपडू म्हणाला, "सर, हुंकारा म्हणजे मान्यता नव्हे. माझी आजी रात्रभर बोलते आणि मी रात्रभर हाव म्हणतो. तिने काय माझी जमीन लिहून घ्यायची?" मागून कोणी म्हणालं, "सर, तसंही आमच्याकडे सुनावणी म्हणजे साहेबाने सुनावायचं आणि आपण ऐकून घरी यायचं." सगळे हसले, पण सर हसले नाहीत. म्हणाले, "हे लिहून घ्या. शब्दच बघा कसा आहे. सुनावणी. कोणी कोणाला सुनावायचं हे त्यात सांगितलेलंच नाही. कायद्याचं म्हणणं एवढंच की ज्याच्यावर परिणाम होणार त्याने सुनावायचं आणि ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने ऐकायचं. आपल्याकडे नेमकं उलटं झालंय." मग त्यांनी विचारलं, अधिकाऱ्याची बाजू कोण मांडेल? रईसा उभी राहिली.

मला वाटलं होतं ती गप्प बसेल. ती खालच्या मजल्यावर राहणारी. तिला सगळं माहीत होतं. पण रईसाला एकदा बाजू दिली की ती ओळख विसरते, आणि म्हणूनच ती चांगली वकील होणार. ती म्हणाली, "सर, अधिकाऱ्याचं स्वतःचं सांगणं आहे की त्याने शेवटी विचारलं होतं. 'येशील ना?' असं स्पष्ट विचारलं होतं. बोलण्याच्या मध्ये आलेला हाव हुंकारा असेल, पण प्रश्नानंतर आलेला हाव उत्तर असतं. आणि दुसरं, नागरिकाच्या आवाजात नाराजी नव्हती. आवाज आनंदाचा होता. जो माणूस आनंदाने हाव म्हणतो त्याची नाराजी अधिकाऱ्याने कुठून शोधून काढायची?"

"नागरिक आनंदात होता हे तुला काय माहीत?" सुपडूने विचारलं. रईसाने एकदम माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्या दोन बाकांना कळायचं ते कळलं. शालिग्राम सरांनाही कळलं असावं, कारण त्यांनी खडू खाली ठेवला. मी मात्र दुसरीकडेच होते. आवाज आनंदाचा होता. तो आनंदाचा होता हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी टेलिफोन कानाला लावून उभी आहे, यंत्र गडगडतंय, कापसाचे तंतू हवेत उडतायत, आणि म्हातारी शेवंताबाई डोळे मिटून हसत हाव, हाव म्हणतेय. त्या दिवशी दुकानाच्या दारात उभी होती त्या रईसाच्या जागेवरून मला ते चित्र दिसलं. अंधारात पितांबर असाच दिसायचा. डोळे मिटलेले, चेहरा सुखाचा, आणि तोंडात हाव. गोष्ट तो कधीच ऐकत नव्हता. माय बोलतेय एवढंच ऐकत होता. मी भर वर्गात पदराने नाक पुसलं.

"हेतू चांगला होता म्हणून सुनावणी टळत नाही," शालिग्राम सर बोलत होते, आणि ते कोणाकडेच न बघता बोलत होते. "वाईट हेतूचा माणूस निदान विचारण्याचं नाटक करतो. चांगल्या हेतूचा माणूस विचारायचंच विसरतो, कारण उत्तर त्याला आधीच माहीत असतं. आता बाईंच्या उदाहरणात उपाय काय? न्यायालय अधिकाऱ्याला शिक्षा देणार नाही. नागरिक जिंकला असंही म्हणणार नाही. हुकूम बाजूला ठेवेल आणि प्रकरण त्याच अधिकाऱ्याकडे परत पाठवेल. नीट ऐका, म्हणेल, आणि मग नव्याने ठरवा." ते थांबले. "फेरसुनावणी. पण त्यासाठी नागरिकाने तोंड उघडायला पाहिजे, बाई." तिसरीत मी त्यांना तोंड बंद ठेवायला शिकवलं होतं. त्यांनी काही ते मनात ठेवलेलं दिसलं नाही.

परतताना पुलावर रईसा माझ्या पावलाने चालत होती. पांझरेला पाणी थोडं, धोब्यांचे कपडे वाळूवर पसरलेले. मग तिने विचारलं, "बाई, राग आला?" मी म्हणाले, "छान मांडलीस. फक्त 'दुसरं' म्हणालीस आणि तिसरं म्हणायचं राहिलं. तिसरं असं की नागरिकाला आपलं उत्तर स्वतःलाच माहीत नव्हतं." ती हसली नाही. म्हणाली, "मग आता माहीत आहे?" मी पुलाच्या कठड्यावर हात ठेवून थांबले. गुडघ्यासाठी थांबले असं तिला वाटलं असेल. समोर गाव, मागे देवपूर, मध्ये मी. ऊन पाठीवर पडलेलं, आणि पिशवीत प्रशासकीय कायद्याचं जाड पुस्तक. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं की ते सोडायची कल्पना करून पाहिली तर कोणी ताटावरून उठवतंय असं वाटलं. पोट अर्धं भरलेलं असताना. मी शाळेत पोरांना सांगायचे ते मला आठवलं: हाव म्हणजे लोभ. असू दे. मला लोभ होता. परीक्षेचा होता, या पुलाचा होता, रईसाशी भांडायचा होता, आणि शालिग्रामकडून अजून काही वाक्यं वहीत उतरवून घ्यायचा होता. एवढं वय झाल्यावर एवढी हाव असायला हरकत नसावी.

"माहीत आहे," मी म्हणाले. रईसा म्हणाली, "अब्बूंनी त्या लोकांना अजून पक्कं सांगितलेलं नाही. मी रविवारपर्यंत थांबा म्हटलंय." मी म्हणाले, "म्हणजे तू स्थगिती मिळवलीस आणि वर्गात माझ्याविरुद्ध उभी राहिलीस." "दोन वेगळी प्रकरणं आहेत, बाई," ती म्हणाली.

दुकानात गेल्यावर मी मुख्तारभाईंकडे दोन गोष्टी मागितल्या: दीपनगरच्या वसाहतीतल्या बूथचा नंबर लावून द्या, आणि यंत्र बंद करा. यंत्र बंद झाल्यावर दुकान एकदम मोठं वाटायला लागलं. बूथवाल्याने पितांबरला बोलावून आणेपर्यंत मी गादीच्या ढिगावर बसून राहिले. मुख्तारभाई गल्ल्यावर, रईसा दारात. दोघांनाही जा म्हणायचं मला सुचलं नाही, आणि त्यांनाही सुचलं नाही.

"माय, काय झाय?" तो धावत आला होता. मी म्हणाले, "काही नही झाय. आज मी सांगस, तू हुंकारा दे." तो हसला. त्याला वाटलं, सामानाचं काही असेल. मी सांगायला लागले. सकाळी कशी उठते, रईसाच्या सोबत पुलावरून कशी जाते, दुसऱ्या बाकावर कशी बसते. "हाव," तो म्हणाला. शालिग्राम म्हणजे तुझ्या शाळेतला, तोच आता सर झालाय. "हाव." परीक्षा जवळ आली आहे, आणि अजून पेटंटचा भाग बाकी आहे. "हाव, माय." मला या खोलीत ऊन येतं ते आवडतं. "हाव." त्याचा हुंकारा लांबायला लागला होता. बूथबाहेर कोणाशी तरी तो खुणेने बोलत असावा, किंवा टेम्पोवाल्याचा विचार करत असावा. ड्यूटी करून आलेला माणूस, आईचा आवाज कानावर पडतोय, तेवढ्याने त्याला बरं वाटत असणार. मला त्याचा राग आला नाही. मी अगदी त्याच सुरात, जरासुद्धा न थांबता, पुढे म्हणाले, "मंग राजानी हत्ती उचला आनि खिसामा टाकी दिन्हा."

"हाव," पितांबर म्हणाला.

मी थांबले. लाइन आज स्वच्छ होती, खरखर नव्हती. त्याच्या मागे कुठेतरी वीज केंद्राचा भोंगा वाजला आणि थांबला. मुख्तारभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. मग पलीकडून श्वास ऐकू आला, आणि तो म्हणाला, "माय?"

"सांग."

"हत्ती?"

"हाव."

पलीकडे बूथचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग हळूच, लहानपणी पांघरुणातून विचारायचा तसा म्हणाला, "माय, त्या दिन तू बी अशीच हाव करी राहिनी व्हती का? मी टेम्पोनं सांगी राहिन्तू तवय?"

"हाव," मी म्हणाले. "तुना आवाज आयकी राहिन्ती."

मी टेलिफोन दुसऱ्या कानाला लावला. पितांबरने घसा खाकरला. "बरं," तो म्हणाला, "आते पहिलेपाईन सांग. मी आयकस." आणि मी पहिल्यापासून सांगायला लागले. त्यानंतर तो एकदाही हाव म्हणाला नाही. परीक्षा कोणत्या महिन्यात, विचारत होता. पेटंट म्हणजे काय, विचारत होता. जिना किती उभा शे, गुडघ्याला काय लावतेस, शालिग्राम म्हणजे तोच का जो फार बोलायचा. मध्येच म्हणाला, "परीक्षा व्हवानंतर काय?" मी म्हणाले, "तवय माले इचार." तो म्हणाला, "इचारसू," आणि रविवारी टेम्पो नाही, नातीला घेऊन बसने येतो, असंही म्हणाला. बूथवाला मागून काहीतरी ओरडत होता.

मुख्तारभाईंनी यंत्र पुन्हा सुरू केलं. ती पडदेवाली बाई आली तर तिला मागच्या गल्लीतली त्यांच्या भावाची खोली दाखवायची असं ते रईसाला सांगत होते. मी जिना चढून वर आले. खिडकीतून ऊन आत आलं होतं, बरोबर माझ्या पुस्तकांवर. तिने केलेल्या पेन्सिलच्या खुणा चौकटीवर तशाच होत्या. पडद्याचं माप आयतंच झालं होतं, आणि उन्हाळा जवळ आला होता, म्हणून मी पिशवी घेतली आणि कापड आणायला निघाले.